काट्याचा पीसी पॉडला दिसेना: साखर कारखान्यात तीन सर्व्हरवर कुबरनेटीस उभं करतानाचं प्रकरण

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आम्ही बघतो. उसाची गाडी आली की भरलेलं वजन, गव्हाणीत खाली करून परत जाताना रिकामं वजन, दोन्हीतला फरक म्हणजे उसाचं वजन आणि त्याची पावती तिथल्या तिथे गाडीवाल्याच्या हातात. ऐकायला एवढंच, पण एकदा गाळप सुरू झालं की काटा रात्रंदिवस चालतो आणि तो दहा मिनिटं जरी थांबला तरी तळावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागायला लागते.

आदल्या हंगामात हे सगळं एकाच सर्व्हरवर डॉकर कंपोजमध्ये, म्हणजे कंटेनर (अॅप आणि त्याला लागणारं सगळं असलेली बंद पेटी) चालवणाऱ्या साधनात, चालायचं. जानेवारीत एका रात्री त्याची डिस्क गेली. सकाळपर्यंत काट्यावरच्या क्लार्क लोकांनी वहीत वजनं लिहिली आणि नंतर ती एकेक करून परत सिस्टीममध्ये भरली. ते भरताना शेजारी बसून मी बघितलंय, एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कुणाच्या तरी वर्षाच्या बिलात फरक पडतो, त्यामुळे प्रत्येक नोंद दोघांनी वाचून घेतली होती. ते बघितल्यावर पुढच्या हंगामाआधी एक सर्व्हर मेला तरी काटा चालू राहिला पाहिजे एवढं एकच काम डोक्यात धरलं.

कारखान्याने तीन सर्व्हर घेतले, तिन्हीवर उबंटू २२.०४ टाकलं, आणि कुबरनेटीस १.३० (अनेक मशीनवर मिळून कंटेनर चालवणारी सिस्टीम; तिच्यात एका मशीनला नोड, सगळ्या मशीनच्या गटाला क्लस्टर आणि कंटेनर ज्यात चालतो त्या एककाला पॉड म्हणतात) क्यूबअॅडम या इन्स्टॉलच्या साधनाने बसवायचं ठरलं. के३एस हे कुबरनेटीसचं छोटं रूप पण विचारात होतं, एकच बायनरी, हलकं, आणि एवढ्याशा कामाला ते पुरलंच असतं. पण आमच्या टीमचा हात क्यूबअॅडमवर बसलेला आहे आणि रात्री दोनला फोन आला तर जे हाताखालचं आहे तेच बरं असं माझं मत, म्हणून तेच घेतलं. डेटाबेस मात्र क्लस्टरच्या बाहेरच ठेवला, त्याचं वेगळं मशीन आणि त्याची रेप्लिका म्हणजे चालू प्रत आधीपासून नीट चालू होती, तीन सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये स्टोरेजचं दुखणं मागे लावून घ्यायला मला कारण दिसेना.

(कुबरनेटीस हा ग्रीक शब्द, अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपल्या कोकणातला तांडेल. गुगलने २०१४ मध्ये हे जाहीर केलं आणि २०१५ च्या जुलैमध्ये १.० आलं. तांडेल हा शब्द मला फार आवडतो या कामाला, कुठला कंटेनर कुठल्या मशीनवर चढवायचा, कुठला खाली उतरवायचा हे तोच बघतो.)

पहिले दोन दिवस

सुरुवातीचे अडथळे बऱ्याच जणांना येतात तेच आले, ते पटकन सांगतो. आमच्याकडे जुनी इन्स्टॉल स्क्रिप्ट होती, ती पहिल्याच पायरीवर अडकली कारण त्यातली जुनी एपीटी रिपॉझिटरी (उबंटू जिथून पॅकेज उतरवतं ती जागा) २०२४ च्या मार्चमध्ये बंदच झाली, आता प्रत्येक मायनर व्हर्जनची वेगळी रिपॉझिटरी द्यावी लागते. ते बदललं. मग क्यूबअॅडम इनिट (क्लस्टर सुरू करायची कमांड) म्हणायला लागलं की कंटेनर रनटाईम, म्हणजे कंटेनर प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम, चालू नाही, आणि बघावं तर तो, म्हणजे कंटेनरडी, मस्त चालू. डॉकरच्या रिपॉझिटरीतून जे कंटेनरडी येतं त्याच्या कॉन्फिग फाईलमध्ये सीआरआय प्लगिन बंद करून ठेवलेलं असतं, आणि क्यूबलेट, म्हणजे प्रत्येक नोडवरचा कुबरनेटीसचा प्रोग्रॅम, बोलतो त्याच प्लगिनशी. डिफॉल्ट कॉन्फिग नव्याने तयार करून फाईल बदलली, पुढे गेलो.

आणि पुढे गेलो ते दुसऱ्या खड्ड्यात. इनिट झालं, नोड दिसला, आणि तीन-चार मिनिटांनी एपीआय सर्व्हर (क्लस्टरचं सगळं बोलणं ज्यातून जातं तो) गायब, ६४४३ पोर्टवर कनेक्शन रिफ्यूज्ड. परत आपोआप वर यायचा, परत जायचा. एटसीडी, म्हणजे क्लस्टरची माहिती साठवणारा डेटाबेस, त्याचं पण तसंच. क्रायसीटीएल या कमांडने बंद पडलेले कंटेनर बघितले तर रीस्टार्टचा आकडा वाढतच चाललेला. कारण हे की नव्याने तयार केलेल्या त्या डिफॉल्ट कॉन्फिगमध्ये सिस्टीमडी सीग्रुपची (सीग्रुप म्हणजे कुठल्या कामाला किती मेमरी-सीपीयू हा लिनक्सचा हिशेब, सिस्टीमडी तो ठेवणारा) सेटिंग फॉल्स असते आणि क्यूबअॅडमने लावलेला क्यूबलेट मात्र सिस्टीमडी धरून चालतो, म्हणजे एकाच मशीनचा हिशेब दोन कारकून दोन वेगळ्या वह्यांत ठेवतायत. उबंटू २२.०४ वर सीग्रुपचं दुसरं व्हर्जन असल्यामुळे हे लगेच फुटतं. ती एक ओळ ट्रू केली, कंटेनरडी रीस्टार्ट केला आणि सगळं शांत झालं. तुमच्याकडे कंट्रोल प्लेन (एपीआय सर्व्हर, एटसीडी वगैरे क्लस्टर चालवणारा भाग) असा वर-खाली होत असेल तर आधी हीच ओळ बघा.

मग एक दिवस लाईट गेली, यूपीएस अजून जोडला नव्हता, तिन्ही मशीन बंद होऊन चालू झाली आणि दोनवर क्यूबलेट उठेना. स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्क वापरणं) आम्ही कमांडने बंद केला होता पण त्या दोन मशीनवर एफएसटॅब या बूटच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाईलमधली ओळ तशीच होती, बूट झाल्यावर स्वॅप परत आला, आणि स्वॅप चालू असेल तर क्यूबलेट डिफॉल्टने सुरूच होत नाही. त्या दिवशी हे कळलं ते बरं झालं, हंगामात कळलं असतं तर अवघड होतं.

पॉडचं नेटवर्क सांभाळणारं कॅलिको टाकलं, क्लस्टरमधली नावं शोधून देणारं कोअरडीएनएस पेन्डिंगवरून रनिंगला आलं, एक कंट्रोल प्लेन, दोन वर्कर म्हणजे पॉड चालवणारे नोड, तिन्ही नोड रेडी. तिसरा सर्व्हर दोन दिवस उशिरा आला तोपर्यंत जॉईनचं टोकन संपलं होतं, ते २४ तासच चालतं, नवीन काढून दिलं. इथपर्यंत आम्ही खूश होतो.

वजन येईना

चाचणीसाठी एक तात्पुरता डेटाबेस क्लस्टरमध्येच टाकला आणि अॅप चढवलं. ऑफिसच्या पीसीवरून नोडपोर्टने, म्हणजे नोडच्याच पत्त्यावरच्या एका पोर्टने, पेज उघडलं, लॉगिन झालं, मेनू आला, सगळं झकास. मग काटा क्रमांक एक निवडला आणि वजन घ्या म्हटलं, तर गोल फिरतंय फिरतंय आणि टाईमआऊट.

इथे काट्याची रचना सांगायला पाहिजे. काट्याच्या केबिनमध्ये एक विंडोज पीसी असतो, काट्याचा इंडिकेटर त्याला सिरीयल केबलने जोडलेला, पीसीवरचा एक छोटा प्रोग्रॅम तो आकडा वाचतो आणि नेटवर्कवर एका पोर्टवर देतो. आमचं अॅप तिथून आकडा उचलतं. म्हणजे पॉडने स्वतःहून काट्याच्या पीसीपर्यंत जायचं असतं. काट्याचा पीसी १९२.१६८.१.३१, आणि तिन्ही सर्व्हर त्याच नेटवर्कमध्ये, १९२.१६८.१.११, १२ आणि १३.

पहिला संशय विंडोज फायरवॉलवर, तो बंद केला तरी तेच. सर्व्हरवरून थेट त्या पोर्टला विचारलं तर वजन लगेच आलं. पॉडच्या आत शिरून तेच विचारलं तर टाईमआऊट. मग पॉडमधून एकेक करून बघत गेलो आणि जे दिसलं ते फार विचित्र होतं. पॉडमधून इंटरनेट चालतंय, ८.८.८.८ ला पिंग जातोय. पॉडमधून बाकीचे दोन सर्व्हर पण दिसतायत. पण काट्याचा पीसी नाही, डेटाबेसचं खरं मशीन नाही, प्रिंटर नाही. एकाच स्विचवर, एकाच सबनेटमध्ये, सर्व्हर दिसतात आणि शेजारचा पीसी दिसत नाही. अर्धा दिवस आम्ही स्विच, केबल, व्हीलॅन हेच बघत बसलो, आमच्या टीममधल्या पोराने तर काट्याच्या केबिनपर्यंत जाऊन केबल बदलून बघितली.

शेवटी ज्या नोडवर पॉड होता, म्हणजे १२ वर, त्याच्या नेटवर्क कार्डावर टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम, लावला. आणि तिथे ते दिसलं. काट्याच्या पीसीकडे पाकीट जातंय, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.७७.५. म्हणजे पॉडचा स्वतःचा पत्ता, उघडा, जसाच्या तसा. उत्तर काहीच नाही.

आता हे असं का. क्लस्टर इनिट करताना पॉडसाठी पत्त्यांची रेंज द्यावी लागते. आम्ही कॅलिकोची डिफॉल्ट रेंज ठेवली, ती १९२.१६८.०.० खाली /१६, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे ६५,५३६ पत्ते. आणि कारखान्याचं नेटवर्क १९२.१६८.१.० खाली /२४, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते, त्याच्याच पोटात. पॉड जेव्हा क्लस्टरच्या बाहेर कुणाशी बोलतो तेव्हा कॅलिको त्याच्या पाकिटावरचा पॉडचा पत्ता खोडून नोडचा पत्ता टाकतं, म्हणजे उत्तर नोडपर्यंत येतं आणि नोड ते पॉडला देतो. पण पत्ता खोडायचा की नाही हे ठरवताना ते एवढंच बघतं की समोरचा पत्ता पॉडच्या रेंजच्या बाहेरचा आहे का. ८.८.८.८ बाहेरचा, खोडलं, चाललं. १९२.१६८.१.३१ मात्र त्या मोठ्या रेंजच्या आतला, म्हणजे कॅलिकोच्या लेखी तो पण एक पॉडच. म्हणून पत्ता खोडलाच नाही. पाकीट काट्याच्या पीसीला पोचलं, त्याने उत्तर तयार केलं आणि १९२.१६८.७७.५ हा आपल्या सबनेटमधला नाही म्हणून ते राऊटरकडे पाठवलं, आणि राऊटरला बिचाऱ्याला असलं कुठलं नेटवर्क माहीतच नाही. उत्तर तिथेच संपलं. बाकीचे सर्व्हर दिसत होते कारण प्रत्येक नोडला पॉडच्या पत्त्यांचे रस्ते कॅलिकोनेच शिकवलेले असतात.

हे नुसतं कागदावर पटून उपयोग नव्हता म्हणून एक गोष्ट करून बघितली. काट्याच्या पीसीवर हाताने एक रूट टाकला, १९२.१६८.७७.० खाली /२६ ला जायचं तर १९२.१६८.१.१२ कडे दे. एंटर मारला आणि तिकडे स्क्रीनवर वजन आलं, काट्यावर तेव्हा एक रिकामी ट्रॉली उभी होती, तिचं वजन. केबिनमधल्या क्लार्कने फोनवर तोच आकडा वाचून दाखवला.

तेवढ्यावर भागवायचं का

मोह होता. प्रत्येक पीसीवर दोन-तीन रूट टाकून दिले असते तर त्या दिवशी काम झालं असतं, आणि खरं सांगायचं तर मुदत पण डोक्यावर होती. पण कॅलिको पत्ते /२६ च्या तुकड्यांत वाटतं, एका तुकड्यात ६४, आणि कुठला तुकडा कुठल्या नोडला मिळेल हे आपल्या हातात नसतं. आज ७७ आहे, उद्या पॉड वाढले की दुसरा तुकडा, मग परत सगळ्या पीसीवर जाऊन रूट टाका, आणि नेटवर्क प्रिंटरमध्ये तर रूट टाकायची सोयच नाही.

त्याहून मोठी भीती वेगळीच होती. त्या रेंजमध्ये १९२.१६८.१.० चा तुकडा पण येतो. तो जर कधी एखाद्या नोडला मिळाला असता तर लिनक्स नेहमी जास्त नेमका रस्ता निवडतो, /२४ पेक्षा /२६ नेमका, म्हणजे १.० पासून १.६३ पर्यंतची सगळी मशीन, आमचे सर्व्हर आणि काट्याचे पीसी त्यातच, नोडच्या दृष्टीने पॉड झाली असती. असं हंगामात मध्यरात्री झालं असतं तर कारण शोधायला किती वेळ गेला असता याची मला कल्पना करवत नाही.

रेंज नंतर बदलता येते, कॅलिकोत नवीन पूल (पत्त्यांचा साठा) करून जुना बंद करता येतो, पण तीच रेंज कुबरनेटीसच्या कंट्रोलर मॅनेजर आणि क्यूब-प्रॉक्सी या भागांत पण लिहिलेली असते, सगळीकडे हात घालावा लागतो. खरा डेटा अजून आत नव्हता. म्हणून सगळं मोडून नव्याने करायचं ठरवलं.

आणि ह्यावेळी आधी कागद. कारखान्याचं नेटवर्क बघणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे एक जुनी जाड वही, कुठल्या खात्याला कुठला पत्ता, कुठला प्रिंटर कुठे, सगळं हाताने लिहिलेलं. त्यांच्यासमोर बसलो. त्यांना म्हटलं काका, १९२.१६८ मध्ये अजून काय काय आहे. ते म्हणाले, "साहेब, आमचं सगळं एकशे ब्याण्णवमध्येच हाय की. काटा १ मध्ये, डिस्टिलरी ५ मध्ये, शेतीखात्याची गट ऑफिसं २० पासनं पुढं. तुम्ही पहिल्या दिवशी इचारलं असतं तर वही दिली असती." बरोबर होतं त्यांचं. त्या वहीतून काढून एका पानावर लिहिलं: कारखाना १९२.१६८, गट ऑफिसांचा व्हीपीएन १०.८.०.० खाली /२४, डॉकरचा ब्रिज म्हणजे आतलं नेटवर्क १७२.१७, कुबरनेटीसच्या सर्व्हिस (पॉडच्या गटाचे कायमचे पत्ते) डिफॉल्टने १०.९६.०.० खाली /१२ म्हणजे १०.९६ ते १०.१११ पर्यंत. ह्या कशालाच न लागणारी १०.२४४.०.० खाली /१६ पॉडना दिली.

दुसरी मांडणी

मोडायचंच होतं तर अजून एक गोष्ट सुधारून घेतली. पहिल्या मांडणीत कंट्रोल प्लेन एकच होता. तो सर्व्हर गेला असता तर चालू पॉड चालूच राहतात, पण नवीन काही उभं राहत नाही, मेलेला पॉड दुसरीकडे जात नाही, म्हणजे ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप तेच होत नाही. तीन मशीन असतील तर तिन्हीवर कंट्रोल प्लेन आणि तिन्हीवरच काम, असं मला योग्य वाटतं. एटसीडीला बहुमत लागतं, तिघांतला एक गेला तरी दोघं उरतात आणि चालतं, दोनच ठेवले तर एक गेला की संपलं, म्हणून दोन कंट्रोल प्लेनला काही अर्थ नाही.

त्यासाठी इनिटच्या वेळीच कंट्रोल प्लेनचा सामाईक पत्ता द्यावा लागतो, तो न देता एक कंट्रोल प्लेन उभा केला तर नंतर त्याचे तीन करायला क्यूबअॅडम सपोर्ट देत नाही. तिन्हीवर कीपअलाईव्हडी (एक पत्ता चालू मशीनकडे फिरवणारं) आणि एचएप्रॉक्सी (आलेल्या रिक्वेस्ट तिघांत वाटणारं) टाकलं, फिरता पत्ता १९२.१६८.१.१०, पोर्ट ८४४३, कारण ६४४३ तर एपीआय सर्व्हरने त्याच मशीनवर धरलेला असतो. कंट्रोल प्लेनवर साधे पॉड चढू नयेत म्हणून जो टेन्ट असतो तो तिन्हीवरून काढला. एका सर्व्हरला साधी फिरती हार्ड डिस्क होती ती बदलून एसएसडी टाकायला लावली, एटसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की उतरल्याशिवाय पुढे जात नाही, ते उतरणं १० मिलीसेकंदांच्या आत व्हावं अशी अपेक्षा असते आणि साध्या डिस्कवर ते होत नाही, मग लीडरच्या निवडणुका परत परत लागतात.

मोडताना एक काळजी घ्या. क्यूबअॅडम रीसेट सगळं पुसत नाही, सीएनआयच्या, म्हणजे पॉडच्या नेटवर्क सेटिंगच्या, फोल्डरमधल्या फाईली आणि आयपीटेबल्सचे (पाकिटं कुठे जायची ते ठरवणारे) नियम तसेच राहतात, तो स्वतः स्क्रीनवर तसं सांगतो पण घाईत आपण ते वाचत नाही. आम्ही ते फोल्डर रिकामं केलं, नियम पुसले, तिन्ही मशीन रीबूट केली, स्वॅप परत आला नाही ना बघितलं आणि मगच इनिट मारलं. कॅलिको ऑपरेटरने टाकत असाल तर त्याच्या कस्टम रिसोर्सच्या फाईलमध्ये तीच १९२.१६८ ची रेंज लिहिलेली असते, ती पण हाताने बदलावी लागते.

सगळं वर आल्यावर परत टीसीपीडम्प लावला आणि वजन मागितलं. पाकीट १९२.१६८.१.१२ वरून निघालं, म्हणजे नोडचा पत्ता, आणि पुढच्याच ओळीत उत्तर. खरा डेटाबेस, प्रिंटर, दोन्ही काटे, सगळं एका दमात लागलं. केबिनमधल्या पीसीवर टाकलेला तो रूट आठवणीने काढून टाकला.

प्लग काढून बघितला

ऑक्टोबरमध्ये बॉयलर पेटायच्या आधी काकांच्या समोर एका सर्व्हरची वायर काढली. पहिल्यांदा निकाल समाधानकारक नव्हता. १.३० मध्ये नोड नॉटरेडी व्हायला ४० सेकंद लागायचे, तेवढा वेळ अर्ध्या रिक्वेस्ट मेलेल्या पॉडकडे जात राहिल्या, आणि पॉड दुसऱ्या मशीनवर हलायला त्यापुढे ३०० सेकंद, डिफॉल्टच तसं आहे. काट्यावर सहा मिनिटं म्हणजे फार झाली. अॅपच्या तीन प्रती केल्या, प्रत्येक वेगळ्या नोडवरच बसेल अशी अट घातली, ३०० चे ३० केले आणि काट्याच्या स्क्रीनला उत्तर नाही आलं तर दोन सेकंदांनी स्वतःहून परत विचारायला लावलं. परत वायर काढली. ह्यावेळी क्लार्कला एक वजन दोन-तीन सेकंद उशिरा आलं, बाकी काही नाही. एटसीडीचा स्नॅपशॉट रोज डेटाबेसच्या मशीनवर जातो आणि तो परत चढवून बघितला, न चढवून बघितलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

हंगामात, डिसेंबरमध्ये, १३ नंबरच्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय रात्री साडेतीनच्या सुमाराला गेला. मला सकाळी मेसेज बघून कळलं. काट्यावर फोन केला तर रात्रपाळीचा क्लार्क म्हणाला, एक पावती दोनदा छापावी लागली, बाकी चालू आहे. पॉवर सप्लाय तिसऱ्या दिवशी आला, मशीन चालू केलं आणि ते आपोआप क्लस्टरमध्ये येऊन बसलं.

क्यूबअॅडमची सर्टिफिकेट, म्हणजे क्लस्टरच्या भागांची एकमेकांना पटवायची ओळखपत्रं, एकाच वर्षाची असतात आणि आमची सप्टेंबरमध्ये संपणार होती, म्हणजे बरोबर हंगामाच्या तोंडावर. अपग्रेड केलं की ती आपोआप नवीन होतात, आणि १.३० चा सपोर्ट पण २०२५ च्या जूनमध्ये संपला, म्हणून कारखाना बंद असताना जूनमध्येच १.३१, १.३२, १.३३ असं एकेक पायरीने नेलं, मधली पायरी सोडता येत नाही. काकांच्या वहीत आता पॉड आणि सर्व्हिसच्या रेंजचं एक पान आहे, आणि त्याच पानावर खाली सर्टिफिकेटची पुढची तारीख त्यांनी लाल पेनाने लिहून ठेवलीये.